नवतप्यात बदललेला बोर्ड : महालातल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरचं प्रकरण

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, नुकताच लागलेला. मंगळवारी सकाळी पावणेदहाला नागपूरच्या महालातून फोन आला. बडकस चौकातून आत गेलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही पतसंस्था आहे. फोनवर शिपाई काका होते. "सायेब, सर्वर चालू नाही होऊन राहिला. बटन दाबलं का घुर्र करते अन् बंद पडते."

या संस्थेचा मोठा पैसा पिग्मीतून येतो. इतवारी-महालातले चहावाले, भाजीवाले, पानठेलेवाले रोज पन्नास-शंभर रुपये एजंटकडे देतात. एजंट हातातल्या मशीनमध्ये नोंद करतो आणि संध्याकाळी मशीन ऑफिसात जोडून दिवसभराची वसुली सर्व्हरवर चढवतो. सर्व्हर बंद म्हणजे नुसतं ऑफिसचं काम बंद नव्हे. ज्याला मुलीच्या लग्नासाठी आज पैसे काढायचे आहेत, त्याला "उद्या या जी" म्हणून परत पाठवावं लागतं. म्हणून हे प्रकरण मी नीट लिहून ठेवतो आहे. बोर्ड, म्हणजे यंत्राचे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, बदलणं म्हणजे स्क्रू काढणं आणि लावणं असं अनेकांना वाटतं. माझ्या मते ते काम जेमतेम एका तासाचं असतं. सर्व्हरची ओळख बोर्डावर असते आणि ती नव्या बोर्डावर सुखरूप नेणं, हे खरं काम. त्याची तयारी स्क्रूला हात लावण्याआधीच करावी लागते.

बोर्डच गेला हे ठरवताना

यंत्र पाच वर्षांचं. दोन प्रोसेसर बसतील असं, पण बसवलेला एकच. १६ जीबीच्या चार रॅम, दोन पॉवर सप्लाय, सगळ्या डिस्क एकत्र सांभाळणारं एक रेड (RAID) कार्ड, समोर सहा डिस्क. मेंटेनन्सचा करार चालू होता. दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे. बटण दाबलं की पंखे सेकंदभर फिरायचे, मग सगळं शांत आणि समोर नारिंगी दिवा.

बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. घाईने बोर्ड मागवला, बसवला आणि दोष तसाच राहिला, तर दोन दिवस गेलेच, शिवाय प्रोसेसर विनाकारण उचलला गेला. त्या उचलण्यात किती धोका असतो ते पुढे येईलच.

म्हणून आधी एकेक पॉवर सप्लाय काढून पाहिला. मग जागा बदलून पाहिल्या. जोडकार्डं बसवायची राइझर कार्डं काढली, डिस्क जिला जोडतात त्या बॅकप्लेनची वायर काढली. चारपैकी एकच रॅम ठेवली, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी तेच, घुर्र आणि शांत. सुदैवाने बोर्डाचा मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे यंत्र बंद असतानाही त्याच्यावर लक्ष ठेवणारी चिप, जिवंत होता. त्याला स्टँडबायची वीज लागते आणि ती पॉवर केबल जोडलेली असेपर्यंत मिळत राहते. लॅपटॉप थेट त्याच्या पोर्टला लावला आणि लॉग उघडला. पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये दोष आल्याची नोंद होती. त्यानंतर प्रत्येक बटण दाबण्यागणिक तीच नोंद पुन्हा. टॉर्च लावून प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचा भाग पाहिला. काळा डाग नाही, फुगलेलं काही नाही. जळलेल्या भागाला वास येतोच, डाग पडतोच असं नाही.

इथे एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण बरेच जण ती विसरतात. बोर्ड मेला तरी मॅनेजमेंट कंट्रोलर बोलतो आहे ना, मग त्याच्याकडून सगळं काढून घ्या. मी सेटिंग्जची पूर्ण फाइल उतरवली. कंट्रोलरचं लायसन्स उतरवलं. यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं म्हणजे बायॉसचं व्हर्जन, नेटवर्क पोर्टचे ओळख क्रमांक म्हणजे मॅक ॲड्रेस, वीज गेल्यावर परत आली की यंत्राने आपोआप चालू व्हायचं की नाही, हे सगळं वहीत लिहिलं. यंत्राचा सिरियल नंबर समोरच्या ओढायच्या पट्टीवरून टिपला. तो बोर्डातल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. एकदा बोर्ड बाहेर आला की यातलं पुष्कळसं कायमचं गेलं समजायचं.

बोर्ड मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल असं कळलं.

तिजोरीतलं पाकीट

मधला वेळ मी मॅनेजर साहेबांसोबत घालवला. बॅकअप रात्री ११ वाजता पूर्ण झाला होता. पहाटे तीनपर्यंत कोणताच व्यवहार नव्हता, त्यामुळे डेटा बुडायची भीती नव्हती. पण बॅकअप आहे एवढं ऐकून मी कधी पुढे जात नाही. त्यातला एक डेटाबेस माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिला. सोमवारची शेवटची पावती दिसली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

मग विचारलं, "साहेब, डिस्कवर बिटलॉकर आहे. रिकव्हरी की कुठे आहे?"

साहेब दोन क्षण गप्प राहिले. "ते तुम्हीच छापून दिलं होतं ना जी? तिजोरीत आहे."

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. त्याचं कुलूप बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या भरवशावर उघडतं. ती चिप जुन्या बोर्डाशी बांधलेली असते. ती काढून नव्या बोर्डावर लावता येत नाही, नव्या बोर्डासाठी नवीच लागते. विंडोज चालू असतं तर आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवता आला असता. इथे विंडोज सुरूच होत नव्हतं. म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की, ही राखीव चावी, नसती, तर नवा बोर्ड लावूनही डिस्क उघडली नसती. मग बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करायची वेळ आली असती.

तिजोरी दोन चाव्यांची. एक साहेबांकडे, दुसरी कॅशियर ताईंकडे, आणि ताई भाच्याच्या लग्नाला काटोलला गेलेल्या. मे महिना, त्यातून लग्नसराई. साहेबांनी फोन केला तसं ताईंनी एवढंच विचारलं, "केव्हापर्यंत पायजे?" बुधवारी दुपारच्या पंगतीतून उठून त्या सरळ एसटीने आल्या. हातावरची मेंदी तशीच होती. पाकीट निघालं. पाच वर्षांपूर्वीच्या माझ्याच अक्षरात वर लिहिलेलं होतं, 'सर्व्हर – हरवू नये'.

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसला बांधलेलं होतं. नव्या बोर्डावर मॅक ॲड्रेस नवा येणार, म्हणजे रात्री सर्व्हर चालू झाला तरी सॉफ्टवेअर 'लायसन्स नाही' म्हणणार. आणि रात्री दहाला सॉफ्टवेअरवाल्यांकडे फोन कोण उचलणार? म्हणून बुधवारी बोर्डाचा खोका आल्याबरोबर त्यावरच्या स्टिकरचा फोटो काढला. नवे मॅक ॲड्रेस सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केले आणि नवी लायसन्स फाइल मागितली. संध्याकाळी सातच्या आत ती आली.

कूलर, एसी आणि कोरडी हवा

नागपुरात मे महिन्यात इलेक्ट्रॉनिक्स उघडायचं तर स्टॅटिकचा, म्हणजे कोरड्या हवेत अंगावर साठणाऱ्या विजेचा, विचार आधी करावा लागतो. हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. माणसाला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. चिपला १०० व्होल्टसुद्धा जड जातात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवत नाही आणि बोर्ड जखमी झालेला असतो. असा बोर्ड त्या दिवशी चालतो, दोन महिन्यांनी अचानक बंद पडतो आणि मग बोर्डच खराब आला होता असा समज होतो.

सर्व्हरच्या केबिनमध्ये एसी. माझ्या छोट्या मीटरवर तिथली आर्द्रता १७ टक्के दिसली. बाहेर हॉलमध्ये मोठा डेझर्ट कूलर चालू होता, तिथे ४४. माझा शिकाऊ सहकारी म्हणाला, "दादा, केबिन थंड आहे, तिथंच करू ना." मी नाही म्हटलं. काऊंटर बंद झाल्यावर हॉलमधलं भिंतीकडचं टेबल घेतलं. झोत टेबलावर येणार नाही असं कूलरचं तोंड दुसरीकडे वळवलं, कारण त्या हवेसोबत धूळ आणि पाण्याचे बारीक थेंबही येतात. फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली. थंड लोखंडावर दव धरेल का, हेही पाहिलं. यंत्र सकाळपासून २४ अंशांत पडलेलं होतं आणि दव धरण्याइतका हॉल दमट नव्हता. बोर्डाचा खोका मात्र कुरियरच्या तापलेल्या गाडीतून आलेला. तो दोन तास तसाच बंद ठेवला. नागपूरच्या उन्हाळ्यात एसीच्या केबिनपेक्षा कूलरचा हॉल या कामाला बरा, हे मी अनुभवाने सांगतो, फक्त झोत चुकवायला हवा.

अर्थिंग मोजलं तेव्हा थबकलो. टेबलाजवळच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट. दोन-तीनच्या आत असायला हवं. इमारतीच्या मागे विहिरीशेजारी अर्थिंगचा खड्डा आहे. काकांना घेऊन गेलो. काळी माती सुकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, पाइपाच्या भोवतीची माती पाइपापासून सुटलेली. काळ्या जमिनीचं हे असंच असतं. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मातीने धातू सोडला की अर्थिंग कागदावरच राहतं. काकांनी दहा-बारा बादल्या पाणी ओतलं. तासाभराने मीटरवर साडेतीन दिसले. रात्री मीटर दोन व्होल्टच्या जवळ आलं. बोर्ड गेल्याचा ठपका मी यावर ठेवत नाही, एका मोजणीवरून तसं म्हणता येत नाही. पण स्टॅटिक टाळायला टेबलावर अंथरतो त्या मॅटची वायर मी त्या ११ व्होल्टच्या अर्थला जोडली नसती, एवढं नक्की.

अंगावरची स्टॅटिक वीज अर्थमध्ये सोडणाऱ्या मनगटपट्टीबद्दलही थोडं. तिच्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून हात २३० व्होल्टला लागला तरी पट्टीतून पाव मिलिअँपच्या आतच करंट जातो. म्हणून साधी तांब्याची तार मनगटाला बांधून काम भागवणारे जीव धोक्यात घालतात. पट्टीचा चिमटा रंग नसलेल्या लोखंडाला लावायचा. आणि बोर्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतो, ती पिशवी आतल्या वस्तूला जपते. तिच्यावर बोर्ड ठेवून काम करायचं नसतं.

काढताना

संध्याकाळी साडेसहाला दोन्ही पॉवर केबल काढल्या. एक काढून दुसरी विसरणं ही नेहमीची चूक आहे. एका केबलवरही स्टँडबायची वीज चालू राहते. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबलो.

डिस्क आधी नंबर घालून बाहेर काढल्या. नवा बोर्ड पहिल्यांदा चालू होईल तेव्हा तो डेटाच्या जवळपासही नको. रेड कार्ड राइझरसकट काढलं, पण कार्डाची बॅटरी सोडवली नाही. यंत्र पहाटे अचानक पडलं होतं. लिहायचा राहिलेला काही डेटा कार्डाच्या कॅशमध्ये असू शकतो आणि त्याला आधार त्या बॅटरीचाच असतो.

प्रत्येक केबलला चिकटपट्टीचा तुकडा लावून नाव लिहिलं आणि मोबाइलने फोटो काढले. आधी पूर्ण बोर्डाचा, मग प्रत्येक कोपऱ्याचा. हवेचं प्लास्टिकचं आवरण, पंख्यांचा पिंजरा, मग रॅम, ज्या खाचेतून निघाली तिचा नंबर लिहून.

आता प्रोसेसर. या पिढीत सॉकेटमध्ये ३,६४७ बारीक पिना असतात, प्रोसेसरला एकही नसते. प्रोसेसर हीटसिंकला, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, क्लिपने अडकलेला असतो आणि दोन्ही मिळून एकच वस्तू म्हणून निघतात. स्क्रू टी-३० चे. हीटसिंकवरच्या लेबलवर क्रमांक छापलेले असतात, सोडताना उलट्या क्रमाने आणि कसताना सुलट्या. एका कोपऱ्याचा स्क्रू पूर्ण सोडून मग दुसऱ्याकडे गेलात, तर हीटसिंक कलंडतो आणि सॉकेटवर तिरपा दाब पडतो.

हीटसिंक आणि प्रोसेसर वेगळे करून त्यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावावी का, हा प्रश्न सहकाऱ्याने विचारला. मी लावली नाही. मागच्या वर्षभराची तापमानाची नोंद आदल्या दिवशीच पाहिली होती, ती व्यवस्थित होती. जोड घट्ट होता. तो सोडवायचा म्हणजे स्क्रूड्रायव्हर घालून पिळायचा, आणि त्यात प्रोसेसर निसटण्याची शक्यता. पेस्ट सुकून तापमान चढलेलं असतं, तर मी वेगळं ठरवलं असतं.

बोर्ड उचलायच्या वेळी सहकाऱ्याचा हात सवयीने रॅमच्या खाचांकडे गेला. "तिथून नाही," मी म्हटलं. रॅमची खाच ही काही मूठ नाही. तिला धरून बोर्ड उचलला की खालचे सांधे तडकतात, आणि ती तडक डोळ्यांना दिसतही नाही. बोर्डावर धरायला खास मूठ आणि ओढायची निळी खुंटी असते. खुंटी ओढली, बोर्ड थोडा पुढे सरकवला म्हणजे मागची पोर्टं पत्र्यातून सुटतात, मग पुढची बाजू वर करून तिरपा बाहेर घेतला.

बसवताना

नव्या बोर्डाचा पार्ट नंबर जुन्याशी ताडला. सॉकेटवरची टोपी अजून काढली नाही. बोर्ड तिरपा आत घातला, मागची पोर्टं पत्र्याच्या खिडक्यांत गेली, खाली टेकवला, मागे सरकवला. स्क्रूच्या भोकांपैकी उजव्या कोपऱ्यातल्या भोकात खालचा खिळा अर्धाच दिसत होता, चंद्रकोरीसारखा. सहकारी म्हणाला, "थोडं दाबलं तर बसेल." मी बोर्ड पुन्हा पूर्ण बाहेर काढला. खाली झाकण उघडल्याची सूचना देणाऱ्या स्विचची बारीक वायर अडकली होती. दाबलं असतं, तर ती वायर चेपली असती किंवा बोर्ड वाकला असता. बोर्ड कधीही जोराने बसत नाही. तो बसत नसेल तर खाली काहीतरी आहे.

पुन्हा घातला, तेव्हा सगळी भोकं पूर्ण गोल दिसली. स्क्रू आधी सगळे सैल लावले, मग कसले.

मग टोपी. मी श्वास रोखून काढतो, आजही. काही वर्षांपूर्वी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात माझ्या हातून टोपी काढताना निसटली आणि कोपऱ्याने सॉकेटवर पडली. चार पिना वाकल्या. तो बोर्ड परत गेला, कारखान्याची अख्खी पाळी वाया गेली. सॉकेटच्या पिना वाकल्या तर वॉरंटीही साथ देत नाही. तेव्हापासून टोपी मी दोन्ही हातांनी सरळ वर उचलतो, आणि ती शेवटच्या क्षणी.

टोपी निघाल्यावर सहकाऱ्याला टॉर्च आडवी धरायला सांगितली. वरून प्रकाश टाकला तर सगळंच चमकतं, काही कळत नाही. बाजूने टाकला की पिनांच्या रांगा पिकल्या गव्हाच्या शेतासारख्या एका कलाने उभ्या दिसतात. एखादी पीन वाकलेली असेल तर त्या रांगेत छोटं काळं भोक दिसतं. आम्ही दोघांनी आळीपाळीने चारही बाजूंनी पाहिलं. भोक नव्हतं. या जातीच्या सॉकेटला मार्गदर्शक खुंट्या दोन वेगवेगळ्या जाडीच्या असतात, हीटसिंक उलटा बसतच नाही. तरी त्रिकोणाची खूण पाहिली, सरळ खाली ठेवला, क्रमाने कसला. निघालेली टोपी लगेच जुन्या बोर्डाच्या सॉकेटवर घातली. परत जाणाऱ्या बोर्डाच्या पिना वाकलेल्या निघाल्या तर प्रश्न आपल्यालाच विचारले जातात.

यंत्राची ओळख

रॅम आपापल्या खाचांत, कार्डं जागेवर, डिस्क अजून बाहेरच. पॉवर केबल लावल्या. इथे लोक चुकतात. केबल लावताच बटण दाबतात. मॅनेजमेंट कंट्रोलरला आधी स्वतः सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. आम्ही पाणी पिऊन आलो.

बटण दाबलं. पंखे घुर्र करून थांबले नाहीत, चालतच राहिले. काका दारातून पाहत होते. "झालं जी?" त्यांनी विचारलं. "अजून नाही काका, आता याला याचं नाव सांगायचं आहे."

सिरियल नंबर नव्या बोर्डावर द्यावा लागतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत त्याची प्रत दुसऱ्या भागात ठेवलेली असते आणि यंत्र स्वतःच विचारतं, काहींमध्ये हाताने लिहावा लागतो. इथे हाताने. अशा ठिकाणी एकदा जतन केलेला नंबर सहजी बदलता येत नाही. शून्य की ओ, आठ की बी, हे सहकाऱ्याने पट्टीवरून वाचलं, मी टाइप केलं, मग मी वाचलं, त्याने पाहिलं. उद्या करारावर तक्रार नोंदवताना याच नंबरावर सगळं अवलंबून.

बोर्डाचं बायॉस जुन्या यंत्रातल्यापेक्षा मागचं होतं. आधी मॅनेजमेंट कंट्रोलर, मग बायॉस, या क्रमाने अपडेट केलं. कालची सेटिंग्जची फाइल परत भरली, लायसन्स भरलं. घड्याळ तपासलं तर तारीख चुकीची. ती डिस्क आत जाण्याआधीच दुरुस्त केली. चुकीच्या तारखेने डेटाबेस सुरू झाला असता तर ठेवीदारांच्या पावत्यांवर भलत्याच तारखा पडल्या असत्या आणि व्याजाचा हिशोब बिघडला असता. पतसंस्थेत याइतकी वाईट चूक दुसरी नाही. ६४ जीबी रॅम पूर्ण दिसते का, सगळे पंखे फिरतात का, तापमान कुठे आहे, हे अर्धा तास पाहिलं.

मग यंत्र बंद करून डिस्क नंबराप्रमाणे घातल्या. रेड कार्डाने आपली रचना ओळखली. विंडोज सुरू होता होता निळा पडदा आला, बिटलॉकरची की मागणारा.

त्या ४८ अंकांचे सहा-सहाचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. म्हणून एखादा अंक चुकला तर त्याच गटावर यंत्र अडवतं. कॅशियर ताई कागदावरून वाचत होत्या, साहेब दुसऱ्या बाजूने बोट ठेवून पाहत होते. पाचव्या गटाला यंत्राने नाही म्हटलं. ताईंनी पुन्हा वाचलं, मी सातच्या जागी एक दाबला होता. आठवा गट संपला, एंटर दाबलं, विंडोजचं चक्र फिरायला लागलं. ताई खुर्चीत मागे टेकल्या.

नेटवर्क जोडताना एक ओळखीची अडचण आली. जुना आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, द्यायला गेलो तर विंडोज म्हणालं, हा आयपी दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते दुसरं कार्ड म्हणजे जुन्या बोर्डावरचं, जे आता यंत्रात नाही पण विंडोजच्या नोंदीत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली साधनं दाखवायला सांगून जुनी कार्डं काढली, मग आयपी बसला. नवी लायसन्स फाइल टाकली, सॉफ्टवेअर उघडलं.

रात्रीचे साडेअकरा. साहेबांनी सोमवारची छापील रोजकीर्द आणली. पडद्यावरची अखेरची शिल्लक आणि कागदावरची शिल्लक त्यांनी बोट ठेवून जुळवली. रुपया आणि पैशासकट जुळली. त्यांनी पिग्मीची पाच खाती मनाने निवडून तीही तपासली. त्यात विहिरीजवळच्या चहावाल्याचं खातं होतं.

गुरुवारी सकाळी आठलाच एजंट मशीन घेऊन हजर होते. दोन दिवसांची वसुली मशीनमध्ये साठलेली. एकेक मशीन जोडली, चढवली, बेरीज एजंटच्या वहीशी पडताळली. पावणेअकराला पहिला ठेवीदार पैसे घेऊन गेला. जुना बोर्ड टोपीसकट चंदेरी पिशवीत घालून परत पाठवला. अर्थिंगच्या खड्ड्याला पाऊस लागेपर्यंत रोज चार बादल्या घालायचं काकांनी आपल्याकडे घेतलं.

रिकव्हरी की आदल्या रात्री मोठ्याने वाचली गेली होती, म्हणून मी ती तशीच ठेवली नाही. नवी तयार केली, बिटलॉकर नव्या टीपीएमशी बांधून पुन्हा चालू केला आणि दोन वेळा रीस्टार्ट करून पाहिलं. नवी की छापली. जुना कागद साहेबांसमोर फाडला. ताईंनी नव्या पाकिटाच्या तोंडावर आडवी सही केली, खाली तारीख घातली, तिजोरी दोन्ही चाव्यांनी बंद केली आणि काटोलची एसटी पकडायला निघाल्या.